तिघांत मिळून एक लढवय्या

फायटिंग गेमचा रिवाज सरळ असतो. खेळणारा एक पात्र निवडतो, त्याचे डाव शिकतो आणि समोरच्याला भिडतो. धिप्पाड पात्र घेतलं तर ताकद मिळते, पण चपळाई हातची जाते. चपळ घेतलं तर दोन-चार जोरदार फटक्यांत गाशा गुंडाळावा लागतो. जे निवडलं ते शेवटपर्यंत निभवायचं. निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मालिकेतलं एक पात्र मात्र ही निवड लढाई सुरू झाल्यावरही मिटू देत नाही. त्याचं नाव पोकेमॉन ट्रेनर.

टोपी घातलेला हा मुलगा स्वतः कधीच हाणामारीत उतरत नाही. तो मागे उभा राहतो, तिथून हुकूम सोडतो आणि त्याच्या वतीने तीन प्राणी आळीपाळीने लढतात. पहिला स्क्वर्टल, पाण्याचा फवारा मारणारं छोटं निळं कासव. दुसरा आयव्हीसॉर, पाठीवर भलीमोठी कळी वागवणारा आणि वेलींचे चाबूक चालवणारा. तिसरा चारिझार्ड, पंखांचा, आग ओकणारा, अंगापिंडाने तिघांत सर्वांत मोठा. कंट्रोलरची स्टिक खाली ओढून एक बटण दाबलं की मैदानातला प्राणी नाहीसा होतो आणि त्याच जागी पुढचा उभा राहतो.

एकाच्या जागी तिघे, म्हणजे पहिल्या नजरेत ही चंगळच वाटते. गेम घडवणाऱ्यांसाठी मात्र ती मोठी डोकेदुखी होती. अदलाबदल फुकट ठेवली तर बाकीच्या पात्रांवर अन्याय होतो आणि फार महाग केली तर कोणी बदलायच्या फंदातच पडत नाही. मग बदलण्याची किंमत किती लावायची आणि ती कुठे वसूल करायची? हे पात्र दोनदा घडवलं गेलं, २००८ साली आणि २०१८ साली. मधल्या काळात ते मोडूनही टाकलं गेलं. दोन्ही वेळचं उत्तर वेगळं आहे आणि दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी शहाणं आहे.

मुळात हे तिन्ही प्राणी फायटिंग गेमचे नव्हेतच. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन रेड' आणि 'पोकेमॉन ग्रीन' हे गेम बॉय या यंत्राचे दोन खेळ आले. या खेळांचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे आणि गोळा करण्याचा तोच आनंद त्यांना या खेळात आणायचा होता. खेळात १५१ प्राणी होते. सुरुवातीला खेळणाऱ्याच्या हाती त्यातला एकच पडे: बल्बसॉर, चारमँडर किंवा स्क्वर्टल. पुढे प्राणी लढाया जिंकत मोठे होत, रूप बदलत. बल्बसॉरचा १६व्या पातळीला आयव्हीसॉर होतो. चारमँडर दोन टप्पे ओलांडून ३६व्या पातळीला चारिझार्ड होतो. मराठी घरांतल्या मुलांना ही मंडळी नंतर कार्टून नेटवर्कवरच्या मालिकेमुळे ओळखीची झाली.

त्या मूळ खेळात लढाई पाळीपाळीने चाले. एक पाळी आपली, एक समोरच्याची, आणि विचाराला हवा तेवढा वेळ. समोर आगीचा प्राणी आला आणि आपला वनस्पतीचा असला तर त्याला परत बोलावून पाण्याचा पाठवता येई. पण त्यात आपली पाळी खर्ची पडे. नवा प्राणी मैदानात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच समोरच्याचा वार त्याच्यावर येऊन आदळे. प्राणी बदलायचा म्हणजे एक मार खायची तयारी ठेवायची, हा पोकेमॉनचा जुना हिशेब आहे आणि आजही त्या खेळातले जाणकार त्याच हिशेबावर सामने जिंकतात.

हा हिशेब एका सेकंदात चार वार होणाऱ्या खेळात कसा बसवायचा, हे कोडं मासाहिरो साकुराई यांच्यापुढे होतं. 'कर्बी' या गुलाबी गोळ्याचे जनक म्हणून ते आधीपासून ओळखले जात. २१ जानेवारी १९९९ रोजी जपानमध्ये आलेला पहिला 'सुपर स्मॅश ब्रदर्स' त्यांचाच. त्यातल्या १२ लढवय्यांत पोकेमॉनचे दोघे होते, पिकाचू आणि जिगलीपफ. पण ते सुटे लढत, बाकीच्या पात्रांसारखेच. पोकेमॉनच्या जगाचा गाभा म्हणजे प्राणी पाळणारा, त्यांना हाका मारणारा ट्रेनर, आणि तोच त्यात नव्हता.

स्मॅशचा एक नियम इथे समजून घ्यायला हवा, कारण पुढची सारी गंमत त्यावर उभी आहे. इतर फायटिंग गेमांत पात्राची ताकद घटत घटत शून्यावर येते आणि ते हरतं. स्मॅशमध्ये उलट चालतं. प्रत्येक फटक्यागणिक पात्रासमोरचा टक्क्यांचा आकडा चढत जातो. जितके टक्के जास्त, तितकं ते पात्र पुढच्या फटक्याला लांब उडतं. उडून पडद्याच्या हद्दीबाहेर गेलं की बाद. त्यामुळे वजनाला फार महत्त्व येतं. हलकं पात्र कमी टक्क्यांत उडून जातं, जड पात्र तग धरतं. आणि बाद होण्यापूर्वी, मंचाबाहेर हवेत असताना, धडपडत परत मंचाची कड गाठणं हीच अर्धी कसरत असते.

लढताना पात्र बदलण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. कॅपकॉम कंपनीच्या 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर' या १९९६च्या आर्केड गेममध्ये दोघांची जोडी घेऊन उतरायचं आणि हवं तेव्हा एकाला मागे घेऊन दुसऱ्याला पुढे करायचं, अशी सोय होती. मागे बसलेल्या गड्याची गमावलेली ताकद थोडीफार भरूनही निघे. साकुराईंनी स्वतःही हा प्रयोग केला होता. २००१च्या 'मेली' या स्मॅशमध्ये राजकन्या झेल्डा एका बटणावर शीक या चपळ रूपात शिरत असे. तिथे रूपं दोन होती आणि बहुतेक खेळाडू त्यातल्या शीकलाच घट्ट धरून बसत.

म्हणजे सोय दिली तरी माणूस आपल्या आवडत्या रूपाला सोडत नाही, हे उघड होतं. ३१ जानेवारी २००८ रोजी जपानमध्ये 'वी' या यंत्रासाठी 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल' आला आणि त्यात पोकेमॉन ट्रेनर अवतरला. या वेळी खेळणाऱ्याला बदलायला भाग पाडणारे नियमच घालून दिले होते.

तीन प्राण्यांची निवड सुरेख होती. स्क्वर्टल हे पहिल्या टप्प्यातलं पिल्लू, आयव्हीसॉर मधल्या टप्प्यातला, चारिझार्ड पूर्ण वाढलेला. तीन घराण्यांतून वाढीचा एकेक टप्पा उचललेला. पाणी, वनस्पती, आग हे तिघांचं चक्रही त्यात आपोआप आलं. आयव्हीसॉरला इथे मिळालेला मान तर विशेषच. पोकेमॉन खेळणाऱ्या असंख्य मुलांसाठी तो ३२व्या पातळीपर्यंत कसाबसा सांभाळायचा मधला मुक्काम होता. इथे तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. ट्रेनरचा चेहरामोहरा २००४च्या 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' या खेळांतल्या नायकावर बेतलेला होता. ब्रॉलच्या कथाभागात तो एकट्या स्क्वर्टलसह दिसतो. बाकीचे दोघे त्याला वाटेत मिळवावे लागतात.

पण लढाईत उतरलं की नियम जाचू लागत. एकच प्राणी सलग खेळवला तर साधारण दोन मिनिटांनी तो दमे आणि त्याच्या फटक्यांचा जोर ओसरे. मागे विश्रांती घेतली की पुन्हा ताजातवाना होई. प्राणी बाद झाला तर खेळणाऱ्याला विचारलंही जात नसे, रांगेतला पुढचा आपोआप मैदानात येई. शिवाय मूळ खेळातलं पाणी-वनस्पती-आगीचं वैर इथेही लागू होतं: आयव्हीसॉरला आगीचे फटके, स्क्वर्टलला वनस्पतीचे आणि चारिझार्डला पाण्याचे फटके जास्त दूर फेकत.

कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात सगळा भार आयव्हीसॉरवर आला. स्मॅशच्या जगात वनस्पतीचे किंवा पाण्याचे वार करणारे जवळपास कोणीच नव्हते, आगीचे मात्र पैशाला पासरी. मारिओ आगीचे गोळे टाकतो, बाउझर आग ओकतो, नेस आगीचा खांब उभा करतो, कॅप्टन फाल्कनची मूठच पेटलेली. त्यात आयव्हीसॉरची मंचावर परतायची एकच तऱ्हा होती: वेल फेकून मंचाची कड पकडायची. ब्रॉलमध्ये कडेला एका वेळी एकालाच लटकता येई. प्रतिस्पर्धी आधीच तिथे जाऊन लटकला की वेल रिकामीच परत येई आणि बिचारा आयव्हीसॉर खाली कोसळे. स्क्वर्टल बाद झाल्यावर आपोआप पुढे येणारा प्राणी नेमका हाच होता.

ब्रॉलमधली किंमत चुकीच्या जागी वसूल होत होती. थकवा, सक्तीची रांग आणि आगीचं वैर, या तिन्ही गोष्टी खेळणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून नव्हत्या. त्याने चांगला विचार केला तरी दंड भरावा लागे, वाईट केला तरी तोच. स्पर्धांमध्ये मुरलेल्या खेळाडूंनी म्हणूनच हे पात्र खालच्या पायरीवर ठेवलं. चाहत्यांनी ब्रॉलमध्ये फेरफार करून बनवलेल्या 'प्रोजेक्ट एम' या आवृत्तीत तर ट्रेनरला सुट्टी देऊन तिघांना स्वतंत्र लढवय्ये करण्यात आलं. आवडत्या प्राण्यासोबत शांतपणे खेळू द्या, ही मागणी त्यातून स्पष्ट दिसते.

पुढे निन्टेन्डोनेही काहीसं तेच केलं, पण वेगळ्या कारणाने. २०१४चा स्मॅश वी यू या यंत्रासोबतच थ्रीडीएस या खिशात मावणाऱ्या यंत्रावरही चालायला हवा होता. लढाईत रूप बदलणारी पात्रं त्यात ठेवलीच नाहीत. झेल्डा आणि शीक वेगळ्या झाल्या. साकुराईंनी ८ एप्रिल २०१४च्या सादरीकरणात चारिझार्ड परतल्याचं सांगितलं, पण एकटा. स्क्वर्टल आणि आयव्हीसॉर गळाले, ट्रेनरही गेला. एका छोट्या यंत्राच्या स्मृतीत प्रत्येक खेळणाऱ्यामागे तीन-तीन पूर्ण पात्रं तयार ठेवायची म्हणजे काय, याचा विचार केला की ही माघार समजते. तरीही मालकाविना लढणारा तो चारिझार्ड पाहून काहीतरी हरवल्यासारखं वाटे.

१२ जून २०१८ रोजी ई-थ्री या प्रदर्शनाच्या वेळी साकुराईंनी जाहीर केलं, की नव्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मध्ये आजवरचं एकूण एक पात्र असेल. ट्रेनर परतला. आता मुलगा किंवा मुलगी, हवं ते रूप घेता येत होतं. पात्रांच्या यादीत ३३, ३४ आणि ३५ असे तीन क्रमांक या चमूला मिळाले, म्हणजे बनवणाऱ्यांनीही तिघांना पूर्ण लढवय्ये म्हणूनच मोजलं. ७ डिसेंबर २०१८ रोजी खेळ बाजारात आला तेव्हा जाचक नियमांतले बहुतेक त्यात उरले नव्हते. थकवा गेला. आगी-पाण्याचं वैर गेलं. बाद झाल्यावर पुढचा प्राणी आपोआप येणं तेवढं राहिलं. अदलाबदल झटपट झाली आणि बदलतानाच्या अगदी छोट्या क्षणात प्राण्याला फटका लागेनासा झाला.

मग किंमत कुठे राहिली? ती क्रमात राहिली. स्क्वर्टलनंतर आयव्हीसॉर, मग चारिझार्ड, मग पुन्हा स्क्वर्टल. चाक एकाच दिशेने फिरतं. आयव्हीसॉरवरून मागे स्क्वर्टलकडे यायचं तर वाटेत चारिझार्डला उतरवावंच लागतं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला उलटं वळता येत नाही, दिशा साधायची तर योग्य गड्याला योग्य वेळी खो द्यावा लागतो. इथलं गणित त्याच जातीचं आहे. शिवाय तिघांचे टक्के सामाईक. एकाने खाल्लेला मार दुसऱ्याच्या खात्यात तसाच जातो, कोणालाही मागे बसून बरं होता येत नाही. कॅपकॉमच्या जुन्या जोड्यांपेक्षा हा नियम कडक आहे. पण त्यामुळे लढतानाचा प्रत्येक बदल हा खेळणाऱ्याचा स्वतःचा निर्णय ठरतो.

वजनाचे आकडे पाहिले की हा निर्णय किती मोठा असतो ते कळतं. अल्टिमेटमध्ये स्क्वर्टलचं वजन ७५ धरलं आहे, आयव्हीसॉरचं ९६ आणि चारिझार्डचं ११६. मूळ पोकेमॉनच्या नोंदीत स्क्वर्टल ९ किलोचा आणि चारिझार्ड ९०.५ किलोचा आहे, तेवढी तफावत इथे अर्थातच ठेवलेली नाही, तरी आहे ती पुष्कळ आहे. जो मार स्क्वर्टलला थेट हद्दीबाहेर घालवेल, तोच मार चारिझार्ड पचवून परत येऊ शकतो. म्हणजे टक्के चढले की नुसत्या एका बदलाने आयुष्य वाढवता येतं. पण चारिझार्ड अंगाने मोठा, म्हणून त्याला हेरणं सोपं. वेगवान प्रतिस्पर्धी त्याच्यावर फटक्यांची माळच लावतो. जीव वाचवायला आणलेला प्राणीच जास्त मार खाऊन बसतो.

सरावलेल्या हातांतला एक डाव जवळून पाहावा. सुरुवात स्क्वर्टलने. दोन्हीकडे शून्य टक्के, प्रतिस्पर्धी लांब उडत नाही, म्हणून जवळ जाऊन भराभर फटके जोडायला हीच वेळ. छोटंसं कासव पायांत घुसतं, कवचात शिरून गरगरत जातं, भिंतीवरून उडी घेतं. प्रतिस्पर्ध्याचे टक्के तीस-चाळीसच्या पुढे गेले की तो स्क्वर्टलच्या टप्प्याबाहेर उडू लागतो. तेवढ्या उसंतीत बदल. आता आयव्हीसॉरच्या वेली कामी येतात. त्याला जवळ जायची गरज नाही. पात्याच्या धारेचं पान लांबूनच फिरत जातं, हवेतला प्रतिस्पर्धी वेलीच्या फटक्याने वर ढकलला जातो, आणि कळीतून वर उसळणारा स्फोट बसला तर तिथेच निकाल लागतो.

समजा तो स्फोट चुकला आणि प्रतिस्पर्ध्याने आयव्हीसॉरलाच मंचाबाहेर फेकलं. वेलीची लांबी ठरलेली, कड अजून दूर. या क्षणी खेळणाऱ्याला दोनच वाटा दिसतात. थांबून वेल पोचेल एवढ्या अंतराची वाट पाहायची, किंवा हवेतच बदल करून चारिझार्डचे पंख मिळवायचे. बदलाचा क्षण जपून साधावा लागतो, कारण तो संपता संपता नवा प्राणी काही काळ काहीच करू शकत नाही आणि प्रतिस्पर्धी त्याच फटीवर टपलेला असतो. चारिझार्ड हवेत आणखी उड्या मारू शकतो, वर झेप घेऊन वाटेत आलेल्याला टोलवू शकतो, किंवा ज्वाळांत लपेटून आडवा सूर मारू शकतो. हा सूर जबरदस्त असतो, पण त्यात त्याचं स्वतःचं अंगही भाजतं आणि ते टक्के सामाईक खात्यात पडतात. आणि मंचावर सुखरूप उतरलं तरी हाती चारिझार्डच आहे. पुन्हा आयव्हीसॉर हवा असेल तर मधे स्क्वर्टलच्या हलक्या अंगावर एक धोका पत्करावाच लागतो.

पोकेमॉनचा पाळीपाळीचा खेळ याहून वेगळा काय होता? तिथेही बदलताना एक मार खायची तयारी लागे. अल्टिमेटने ती तयारी सेकंदाच्या अंशात आणून बसवली. प्राण्यांचं वैर काढून टाकलं, तरी पोकेमॉनच्या लढाईची नस इथे ब्रॉलपेक्षा जास्त अचूक पकडली गेली. आयव्हीसॉरचंही नशीब पालटलं. कडेला लटकून दुसऱ्याची वाट अडवण्याची जुनी युक्ती मालिकेतून २०१४ सालीच हद्दपार झाली होती, त्यामुळे त्याची वेल आता रिकामी परतत नाही. एके काळी ज्याला ओझं म्हणत, तोच अनेकांच्या हाती चमूचा कणा झाला.

स्पर्धांतून याचा पडताळा लवकरच आला. ट्वीक या टोपणनावाने खेळणारा अमेरिकी व्यावसायिक खेळाडू २०१९मध्ये मोठमोठ्या सामन्यांत ट्रेनर घेऊन उतरू लागला. असं पात्र सर्वांच्या हाती दिसत नाही, याचं कारण मेहनतीत आहे. अल्टिमेटमध्ये नंतर आलेली पात्रं धरून ऐंशीहून जास्त लढवय्ये आहेत. त्यातल्या प्रत्येकासमोर कसं खेळायचं हे इतरांना एकदा शिकावं लागतं, ट्रेनर खेळणाऱ्याला तीनदा. कोणासमोर कोणता प्राणी नको, हे चौथ्यांदा.

मार्च २०२१मध्ये याच खेळात पायरा आणि मिथ्रा ही जोडी दाखल झाली. बटण तेच, कल्पनाही तीच: मिथ्राच्या वेगाने टक्के चढवायचे, पायराच्या जड तलवारीने शेवट करायचा. फरक एवढाच, की तिथे रूपं दोनच आहेत. दोघींत मागे-पुढे हा प्रश्नच येत नाही, कोणत्याही क्षणी हवी ती एका दाबात हाती येते. स्पर्धांत ही जोडी बघता बघता सर्वांत बलवान पात्रांच्या पंक्तीत जाऊन बसली. ट्रेनरला मात्र प्रत्येक बदलाआधी मधल्या प्राण्याचा विचार करावाच लागतो.